चाकाची बैठक

‘चाकोरी’ हा शब्द आपण बहुधा नाक मुरडूनच उच्चारतो. चाकोरीतले आयुष्य म्हणजे रटाळ आयुष्य, चाकोरीतले शिक्षण म्हणजे निरुपयोगी शिक्षण, आणि कौतुक करावयाचे असेल तो लेखक हटकून ‘चाकोरीबाहेरचा’ असतो. उत्तरपत्रिका तपासताना असे चाकोरीबाहेरचे लेखक मला दरवर्षी शेकड्याने भेटतात. पण मूळची चाकोरी म्हणजे काय? मातीच्या रस्त्यावरून बैलगाड्या जाऊन जाऊन चाकांच्या ज्या दोन समांतर खोल रेघा पडतात, ती चाकोरी. आपल्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर या रेघांशी जुळले, तर बैल गाडी सुखाने ओढतात. न जुळले, तर एक चाक घळीत आणि दुसरे उंचवट्यावर, गाडी तिरपी, बैल घायकुतीला आलेले आणि गाडीवानाच्या तोंडी छापता न येणारी मराठी भाषा! म्हणून जाणता सुतार गाडी बांधताना आधी रस्ता पाही. चाकोरी ही त्या गाडीवानाची कैद नव्हती. ती त्याची सोय होती.

या सदरात शब्दांची विचारपूस करता करता मी भलत्याच अंगणात शिरतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा मी थेट मोटारीच्या गॅरेजात शिरलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीच्या चाकांतले काय कळते, असा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. त्याचे उत्तर असे, की हा लेख वाचून होईपर्यंत तुम्हालाही तेवढे कळेल. आणि ते कळणे जरूर आहे, कारण दारात गाडी असणाऱ्या घरांत चाकांची एक नवी हौस फार बोकाळली आहे.

कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळावर सहज फेरी मारावी. दसऱ्याला एसयूव्ही घरी येते. झेंडूचा हार होतो, कुंकवाचे स्वस्तिक होते, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले जाते. इथवर सारे शास्त्रशुद्ध. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत कंपनीने दिलेली ती चाके घरच्या मुलाला ‘बारीक’ वाटू लागतात. मग ती काढून त्यांच्या जागी रुंद, काळीभोर, मडगार्डाच्या बाहेर डोकावणारी अलॉयची चाके येतात. गाडीने जणू छाती काढली आहे, असा भास होतो. घरातली वडील मंडळी खर्चाचा आकडा विचारतात आणि तो ऐकून गप्प बसतात. खरा विचारावयाचा आकडा निराळाच असतो, आणि तो कोणीच विचारीत नाही.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी नेमके हेच केले. मुलगा हुशार, इंजिनिअर, संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. त्याच्या गाडीला सतरा इंची चाके आणि २३५/६५ आर १७ असे टायर होते. त्याने अठरा इंची चाके घेतली आणि त्यांवर २५५/५५ आर १८ असे टायर चढविले. मला जवळ बसवून त्याने हिशेब समजावून दिला. टायरवरच्या या आकड्यांत पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा प्रमाणात. तिसरा आकडा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत तीन मापे नांदविणारी ही लिपी पाहून मला मोडीची आठवण झाली. पण हिशेब अचूक होता. जुने चाक टायरसकट ७३७ मिलिमीटर उंच, नवेही ७३७ मिलिमीटरच. म्हणजे वेगाचा काटा खोटे बोलणार नाही. नटांची वर्तुळेही जुळत होती.

“बघा मामा, सगळं मॅचिंग आहे,” तो म्हणाला, “आणि लुक बघा ना! गाडी कशी जमिनीला धरून उभी आहे!”

गाडी खरोखरच रुबाबदार दिसत होती. पुण्यात दोन महिने ती विनातक्रार चाललीही. एकटा माणूस ऑफिसला जाई आणि येई. गाडीवर भार असा नव्हताच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ताम्हिणी घाटाने कोकणात निघालो. गाडीत भाचा, त्याची पत्नी, दोन मुले, माझी थोरली बहीण, मेव्हणे आणि मी, अशी सात माणसे. वर बॅगा, आणि फराळाचे डबे इतके, की कोकणात दुष्काळ पडला असावा! मुळशी मागे पडली, घाटाची वळणे सुरू झाली, आणि तेव्हाच तो आवाज प्रथम ऐकू आला. प्रत्येक तीव्र वळणावर पुढच्या चाकाकडून ‘खर्रर्र’ असा, कोणी पत्र्यावर कानस फिरवावी तसा. भाचा म्हणाला, खडी अडकली असेल. ताई म्हणाली, “प्रत्येक वळणावर नवी खडी अडकते काय रे?”

पुढे एका वळणावर समोरून एस.टी. आली. तिला वाट द्यावी म्हणून भाच्याने गाडी डावीकडे घेतली. डावी चाके रस्त्याच्या कडेच्या ओल्या चिखलावर गेली, उजवी डांबरावर राहिली, आणि त्याने ब्रेक दाबला. त्यासरशी स्टिअरिंग त्याच्या हातात उजवीकडे हिसकले, म्हणजे नेमके एस.टी.च्या अंगावर! एस.टी.च्या ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून आपली गाडी बाजूला दाबली आणि भाच्यानेही चाक सावरले. दोन्ही गाड्यांच्या मधून फार तर एक सायकल गेली असती. मागे मुले गाण्याच्या भेंड्या खेळत होती. त्यांना काही कळलेही नाही. ताईने मात्र माझा दंड इतका घट्ट धरला होता, की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

घाट उतरून माणगावच्या अलीकडे एका झाडाखालच्या गॅरेजात आम्ही थांबलो. तिथले मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी चाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या चाकावरचे मडगार्ड आतून चाचपले आणि बोट दाखविले. आतले प्लास्टिकचे अस्तर फाटले होते. टायरच्या खांद्यावर सगळीकडे एक चकचकीत घासलेला पट्टा उमटला होता.

“चाक चांगलं आहे,” मिस्त्री म्हणाले, “पण ते ह्या गाडीचं नाही.”

भाच्याने आपला उंचीचा हिशेब सांगितला, नटांचा सांगितला. मिस्त्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “ऑफसेट किती?”

वाचकहो, तो न विचारलेला आकडा हाच.

ऑफसेट म्हणजे काय, हे समजावयाला इंजिनिअर असण्याची गरज नाही. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा एक गोल डबा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या आत एक आडवा पडदा बसविला आहे, आणि तो पडदा स्क्रूने भिंतीवर आवळावयाचा आहे. पडदा डब्याच्या बरोबर मध्यावर असेल, तर अर्धा डबा त्या जागेच्या पुढे आणि अर्धा मागे राहील. पडदा पुढच्या तोंडाजवळ असेल, तर डबा मागे सरकेल. भिंतीत तेवढा कोनाडा असला म्हणजे झाले. पडदा मागच्या तोंडाजवळ असेल, तर डबा पुढे लोंबेल. चाक म्हणजे हा डबा. आऱ्यांमागचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो आणि नटांनी आवळला जातो, तो हा पडदा. चाकाच्या रुंदीची मध्यरेघ आणि हा टेकणारा भाग यांच्यातले मिलिमीटरांतले अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेघेवरच असेल तर ऑफसेट शून्य. रस्त्यावरून आपल्याला दिसणाऱ्या बाजूकडे असेल तर धन, आणि चाक गाडीच्या पोटात शिरते. आतल्या बाजूकडे असेल तर ऋण, आणि चाक बाहेर पडते. आजच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांचा ऑफसेट धन असतो, साधारण तीस ते पन्नासच्या दरम्यान.

यातली मेख अशी, की आकडा जितका लहान, तितके चाक अधिक बाहेर. पगार आणि परीक्षेचे गुण यांची सवय असलेल्या आपल्या मनाला हे उलटे वाटते, आणि दुकानात घोटाळा होतो तो इथेच.

रिमवर हा आकडा ‘ईटी’ या दोन अक्षरांपुढे कोरलेला असतो. ही अक्षरे ‘आइनप्रेसटीफ’ या जर्मन शब्दातली. त्याचा शब्दशः अर्थ होतो, आत दाबून बसविण्याची खोली. मला विचाराल, तर याला मराठीत ‘बैठक’ हा शब्द घडवून ठेवल्यासारखा आहे. गवयाचा आवाज आपण ऐकतो, पण जाणकार त्याची बैठक पाहतो. चाकाचे रूप आपण पाहतो, पण जाणकार त्याची बैठक विचारतो.

मिस्त्रींनी गाडीखालची स्टेपनी काढली. ती मूळच्याच मापाची होती. ‘१७ गुणिले ७ जे, ईटी ४०’ अशी अक्षरे तिच्या आऱ्यामागे स्पष्ट होती. मग त्यांनी पुढचे नवे चाक उतरविले. आतली धूळ पुसल्यावर ‘१८ गुणिले ८ जे, ईटी २०’ अशी अक्षरे निघाली. तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. त्यांनी रिमच्या आतल्या कडांवर एक लोखंडी पट्टी आडवी टेकवली आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजली: १३४ मिलिमीटर. आठ इंची रिम दोन्ही बाजूंच्या कडा धरून साधारण नऊ इंच भरते, तिचे निम्मे ११४. एकशे चौतीसमधून एकशे चौदा गेले, उरले वीस. स्टेपनीची खोली १४२ भरली, सात इंची रिमचे कडांसकट निम्मे १०२, उरले चाळीस. कोरलेले अक्षर आणि मोजलेले माप यांचा असा मेळ पाहून मला, पाठभेद ताडून पाहणाऱ्या एखाद्या जुन्या संपादकाची आठवण झाली.

आता गणित पाहा. जुना टायर २३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना साडेसतरा अधिक शंभर. ऑफसेट चाळीस, म्हणून हबपासून बाहेर तो साडेसत्याहत्तर मिलिमीटर येई. नवा टायर २५५ रुंद, निम्मे साडेसत्तावीस अधिक शंभर. ऑफसेट वीस, म्हणून बाहेर येतो साडेसात अधिक शंभर. फरक पडला ३० मिलिमीटरांचा, म्हणजे दोन बोटांएवढा. त्यातले दहा मिलिमीटर टायरच्या वाढलेल्या रुंदीचे, आणि वीस एकट्या ऑफसेटचे. रिकाम्या गाडीला ही दोन बोटे पचत होती. सात माणसे बसल्यावर स्प्रिंगा दबल्या, घाटात चाके पूर्ण वळली, आणि टायर मडगार्डाच्या ओठाला भिडला.

“पण मिस्त्री,” भाचा म्हणाला, “दोन चाकांतलं अंतर वाढलं म्हणजे गाडी जास्त स्थिर होते ना?”

मुद्दा खोटा नव्हता. दोन्हीकडे वीस-वीस धरून चाकांच्या मध्यांतले अंतर चाळीस मिलिमीटरांनी वाढले होते, आणि रुंद पायांवर उभी वस्तू सहसा उलटत नाही, हे पाळण्यातल्या मुलालाही कळते. मिस्त्रींनी तो मान्य केला. मग त्यांनी भरलेली पाण्याची बादली भाच्याच्या हातात दिली आणि हात लांब करावयाला सांगितले. दहा-पंधरा सेकंदांत हात थरथरू लागला. “आता कुशीत धरा,” ते म्हणाले. बादली तीच, पाणी तेवढेच. पण भार अंगालगत आला आणि सोसवू लागला. आपल्या बायका भरली घागर कमरेवर का घेतात, याचे यंत्रशास्त्र हेच.

हबच्या आतले बेअरिंग हा गाडीचा तो हात. चाकाचा भार कोणत्या रेषेवर यावा, हे पाहूनच ते बेअरिंग, बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनचे दांडे यांची ताकद ठरविलेली असते. चाक बाहेर गेले, की भार तोच राहून त्याची तरफ लांबते. दुसऱ्या दिवशी काहीच मोडत नाही, आणि भ्रम पोसला जातो तो त्यामुळेच. बेअरिंग लवकर घुमू लागते, सांधे सैल होतात, आणि वर्ष-दीड वर्षाने दुरुस्तीचे बिल येते, तेव्हा ते चाकांच्या खात्यावर कोणी मांडीत नाही.

स्टिअरिंग का हिसकले, याचे उत्तर दाराच्या बिजागरीत आहे. पुढचे चाक एका तिरप्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या आसाभोवती वळते. हा आस खाली जमिनीपर्यंत वाढविला, तर तो एका बिंदूवर टेकतो. ती झाली बिजागरी. टायर जमिनीला जिथे टेकतो त्याचा मध्य या बिंदूपासून किती दूर असावा, हे गाडीचे रचनाकार फार काटेकोरपणे ठरवितात. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, हलता हलत नाही. कडीजवळ ढकला, बोटाने फिरते. चाक वीस मिलिमीटर बाहेर गेले, म्हणजे रस्त्याचा धक्का बिजागरीपासून वीस मिलिमीटर लांब बसू लागला. सपाट, सारख्या रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकांचे धक्के एकमेकांना फेडून टाकतात. पण एक बाजू चिखलावर आणि दुसरी डांबरावर असताना ब्रेक दाबला, की उजवे चाक रस्ता घट्ट धरते, डावे घसरते, आणि स्टिअरिंग धरलेल्या बाजूला ओढले जाते. कित्येक गाड्यांत तर टायरचा मध्य मुद्दाम त्या बिंदूच्या किंचित आत ठेवलेला असतो. हेतू असा, की एका बाजूचा ब्रेक कमी लागला, तर चाकांनी आपण होऊन गाडी सरळ राखावयाला हातभार लावावा. रचनाकाराने काही मिलिमीटरांत साधलेली ही किमया वीस मिलिमीटरांत उलटी होऊ शकते. नको त्या वेळी हातभार लावणारे हातच ओढ घेऊ लागतात.

“मग अलाइनमेंट करून घेऊ?” भाच्याने विचारले. दुकानदाराने फोनवर त्याला तोच सल्ला दिला होता. मिस्त्री हसले. अलाइनमेंट चाकांची दिशा आणि कल सुधारते. बैठक बदलणे तिच्या हातात नसते. खुर्ची भिंतीला खेटून ठेवली असेल, तर तिचे तोंड फिरवून भिंत दूर जात नाही.

त्या दिवशी निकाल असा लागला, की मेव्हणे आणि मी एस.टी.ने गेलो, काही सामान आमच्याबरोबर आले, आणि हलकी झालेली गाडी सावकाश मागून आली. पुण्याला परतल्यावर भाच्याने जुनी चाके पुन्हा चढविली. नवी चाके त्याने नुकसान सोसून विकली. पण ज्याला विकली, त्याच्या गाडीचे माप आधी तपासले आणि मगच विकली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

यावरून कोणी असे समजू नये, की चाके बदलणे हे पाप आहे. चाक वाकते, तडकते, चोरीलाही जाते, बदलावेच लागते. हौसही माणसाला असावी. पण दुकानात पैसे देण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून न्यावेत.

पहिला आकडा नटांच्या वर्तुळाचा, ज्याला पी.सी.डी. म्हणतात. ह्युंदाई क्रेटाचा ५ गुणिले ११४.३ आहे, टोयोटा फॉर्च्युनरचा ६ गुणिले १३९.७. हे विचित्र दशांश पाहून घाबरू नये. ते साडेचार आणि साडेपाच इंच आहेत, इंग्रजी कोट उतरवून मेट्रिक धोतर नेसलेले, इतकेच. ५ गुणिले ११२ असेही एक वर्तुळ युरोपीय गाड्यांत रूढ आहे. दोहोंत फरक अवघा २.३ मिलिमीटरांचा, म्हणून ‘बसतंय साहेब’ असे सांगणारा भेटतो. नट आवळले जातातही, पण आपल्या खाचेत नीट बसत नाहीत. जबरदस्तीने लावलेले लग्न आणि असे लावलेले चाक केव्हा सुटेल, याचा नेम नसतो.

दुसरा आकडा मधल्या भोकाचा. टोयोटा, होंडा आणि ह्युंदाई या तिघांच्या कित्येक गाड्यांचे नटांचे वर्तुळ एकच, ११४.३. पण मधले भोक टोयोटाचे ६०.१, होंडाचे ६४.१ आणि ह्युंदाईचे ६७.१ मिलिमीटर. लहान भोकाचे चाक मोठ्या हबवर चढणारच नाही. मोठ्या भोकाचे चाक लहान हबवर चढेल, पण मध्ये पोकळी राहील. ती भरून काढण्यासाठी योग्य मापाची कडी घालावी लागते. नाही तर चाक मध्यावर बसेलच असे नाही आणि वेगात थरथर सुटते.

तिसरा आकडा रिमच्या रुंदीचा, आणि चौथा या लेखाचा नायक, ऑफसेट. या दोघांचा विचार नेहमी जोडीने करावा. रुंदी वाढवावयाचीच असेल, तर ऑफसेट मूळच्या जवळ ठेवावा, म्हणजे वाढ आत-बाहेर सारखी वाटली जाते. भाच्याने तेच आठ इंची चाक ईटी ४० चे घेतले असते, तर टायर बाहेर दहा आणि आत दहा मिलिमीटर वाढला असता. मात्र आतली जागाही तपासावी. चाक आत घेण्याच्या भरात ईटी ६० केला, तर तोच टायर आत तीस मिलिमीटर सरकेल आणि शॉकॲब्सॉर्बरला घासेल. बाहेरची घासणी निदान ऐकू येते. आतली फार उशिरा कळते. आणि स्पेसर नावाच्या चकत्यांना तर भुलूच नये. हब आणि चाक यांच्यामध्ये पंचवीस मिलिमीटरची चकती घालणे, म्हणजे ऑफसेट पंचवीसने कमी करणेच होय. नाव तेवढे निराळे.

नवी चाके लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर धावून नट पुन्हा तपासून घ्यावेत, आणि तेही टॉर्क पान्याने, पान्यावर पाय देऊन उभे राहून नव्हे. पुरी माणसे आणि सामान भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून, चाक कुठे घासते का ते घराजवळच पाहावे. घाट ही परीक्षेची जागा नव्हे.

कायद्याचेही एक वाक्य सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले. तेव्हा कंपनीने आपल्याच गाडीच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी जी मापे दिली आहेत, त्यांच्या आत राहणे हे अंगाला आणि खिशाला दोन्हींना हितकर आहे. केलेला बदल विमा कंपनीला कळवावा, हेही ओघाने आलेच.

आमच्याकडचे कीर्तनकार कैकेयीची गोष्ट सांगतात. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निसटली. राजाला पत्ता नव्हता. तो बाण सोडण्यात गुंग होता. कैकेयीने खिळीच्या जागी आपला हात घातला आणि रथ सावरला. त्यातून दोन वर निघाले, आणि त्या वरांतून सारे रामायण घडले. लहानपणी ऐकताना मला कैकेयीच्या धैर्याचे आश्चर्य वाटे. आता वाटते ते त्या खिळीचे. रथाची पताका, सोन्याचे घुंगूर, पांढरे घोडे, हे सगळ्यांना दिसत होते. रथ उभा होता तो मात्र कोणालाच न दिसणाऱ्या एका खिळीवर.

पाडव्याला ज्यांच्या घरी नवी गाडी येणार असेल, त्यांनी लिंबू जरूर ठेवावे, हारही घालावा. मग आरतीचे तबक खाली ठेवण्यापूर्वी क्षणभर वाकून चाकाच्या आऱ्यांमागे दिवा धरावा आणि ‘ईटी’ पुढचा आकडा वाचून वहीत टिपून ठेवावा. गाडीच्या कागदपत्रांबरोबर ती वही ठेवली, म्हणजे पुढे चाके बदलण्याची हुक्की ज्याला येईल, त्याच्या हाती ती आपोआप पडेल.